ख्रिसमसच्या आधी पेट्या पोचल्या पाहिजेत : अमेरिकेतले बाइकवाले, हॉट रॉडवाले आणि सैनिकांसाठीची भेट-मोहीम

फ्लॅटहेड_व्ही८ (धागाकर्ता)

अमेरिकेत ऑक्टोबर लागला की बाइक क्लब आणि हॉट रॉड (जुन्या गाडीचं इंजिन-बांधणी बदलून केलेली वेगवान गाडी) क्लबांच्या हॉलिडे ड्राइव्ह, म्हणजे नाताळच्या भेट-मोहिमा, सुरू होतात. काही लहान मुलांच्या खेळण्यांसाठी, काही परदेशी तैनात असलेल्या सैनिकांसाठी. हा धागा दुसऱ्या प्रकाराबद्दल. हार्ली नाहीतर जुनी शेव्ही (शेवरोले) बाळगणारे मराठी लोक इथे आता ठिकठिकाणी आहेत, आणि मंडळांतूनही 'आम्हाला यात काय करता येईल' अशी विचारणा होते. म्हणून सगळं एका जागी.

हा संबंध ओढूनताणून जोडलेला नाही, एवढं आधी सांगतो. हॉट रॉडिंग फोफावलं ते दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या पोरांमुळे. कॅलिफोर्नियात एल मिराजसारख्या कोरड्या तळ्यांवर गाड्या पळवायचे. १९४६ मध्ये बिल बर्कने लढाऊ विमानाची जादा इंधनटाकी उचलली आणि तिचीच रेसची गाडी केली. 'बेली टँक' हा प्रकार तिथून आला. बाइकचंही तेच. युद्धासाठी बनलेल्या हार्ली डब्ल्यूएलए नंतर नागरी बाजारात आल्या आणि परतलेल्यांनी घेतल्या. पुढे १९९३ मध्ये मिशिगनच्या गार्डन सिटीत अमेरिकन लीजन रायडर्स सुरू झाले, ते तर माजी सैनिकांच्याच संघटनेतले बाइकवाले.

आता मुद्दा. सगळ्यांचं लक्ष माल गोळा करायच्या मिरवणुकीवर, म्हणजे रॅलीवर असतं: किती बाइक आल्या, १९३२ ची फोर्ड पुढे ठेवायची का, हेल्मेटवर सांताची टोपी टिकते का. मोहीम फसते ती मात्र पोस्टाच्या खिडकीवर. त्यामुळे तारखा उलट्या मोजायच्या.

लष्करी पत्त्यावर नाताळाआधी पोचण्यासाठी प्रायॉरिटी मेल या जलद टपालाची शेवटची तारीख साधारण ९ डिसेंबरच्या आगेमागे येते. स्वस्तातल्या ग्राउंड सेवेची तर नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात. नेमकी तारीख पोस्ट दर वर्षी जाहीर करतं, ती पाहूनच पत्रक छापा. पण शेवटच्या तारखेला टाकलेली पेटी 'बहुतेक' पोचते, आणि जहाजावरच्या माणसाच्या बाबतीत ते 'बहुतेक' फारच पातळ होतं. म्हणून पेट्या २० नोव्हेंबरच्या आत पोस्टात. पेट्या भरायचा दिवस त्याच्या पाच-सहा दिवस आधी. रॅली त्याच्याही किमान आठवडाभर आधी, म्हणजे ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार. ११ नोव्हेंबरच्या व्हेटरन्स डेला (माजी सैनिक दिन) रॅली जोडायचा मोह सगळ्यांना होतो. टेक्सास-फ्लोरिडात ठीक आहे. मिशिगन-ओहायोकडे तोवर बर्फासाठी रस्त्यावर मीठ पडायची वेळ येते, आणि मिठाच्या रस्त्यावर क्रोमची गाडी कुणी शुद्धीतला माणूस काढत नाही.

रॅली आणि पेट्या भरणं एकाच दिवशी कधीही ठेवू नका. आलेला माल मोजल्याशिवाय एका पेटीत काय जाणार ते ठरत नाही.

वाचनमात्र

छान धागा. बाळबोध प्रश्न : पत्ता काय लिहायचा? भारतात आपण 'द्वारा ५६ एपीओ' लिहितो तसंच का? आणि नुसतं 'कुठल्याही सैनिकास' असं लिहून पाठवता येतं का?

पोस्टातली_मावशी

तत्त्व तेच. भारतात ५६ एपीओ म्हणजे दिल्लीच्या आणि ९९ एपीओ म्हणजे कोलकात्याच्या लष्करी टपाल केंद्रामार्फत; युनिट कुठल्या डोंगरावर आहे ते पाकिटावर नसतं. इथेही शहराच्या जागी एपीओ (लष्कर आणि हवाईदल), एफपीओ (नौदल, जहाजं) किंवा डीपीओ (वकिलाती) लिहितात. राज्याच्या जागी तीनपैकी एक : एई म्हणजे युरोप, मध्यपूर्व, आफ्रिका आणि कॅनडा, एपी म्हणजे पॅसिफिक, एए म्हणजे कॅनडा सोडून बाकीचा अमेरिका खंड. झिपवरून (इथला पिनकोड) ताळा करता येतो. एईचे ०९ ने सुरू होतात, एपीचे ९६२ ते ९६६ ने, एएचे ३४० ने. 'एपी' पुढे ०९ दिसलं तर समजा कुणीतरी यादी उतरवताना घोळ घातलाय.

देशाचं आणि गावाचं नाव लिहायचं नाही. अजिबात नाही. प्रेमाने 'कुवेत' लिहिलंत की पेटी त्या देशाच्या नागरी टपालात शिरण्याची शक्यता असते, आणि मग ती केव्हा निघेल याचा नेम नाही. आपलेपणाने नकाशाचं स्टिकर लावणारे असतात, त्यांनाही आवरा.

'कुठल्याही सैनिकास' हे बंद आहे. २००१ च्या शरदात अँथ्रॅक्सची पत्रं आली आणि त्या ऑक्टोबरात संरक्षण खात्याने बिननावाचं टपाल थांबवलं. आता नावानिशीच. नावं मिळवायचे सरळ मार्ग दोन. एक, तैनात माणसाच्या घरच्यांकडून. दोन, युनिटच्या फॅमिली रेडिनेस ग्रुपमार्फत, म्हणजे युनिटमधल्यांच्या कुटुंबांच्या गटामार्फत. युनिट बाहेर गेलं तरी त्यांचा कुणीतरी इथे मागे असतो. बहुधा एकच नाव देतात आणि तो माणूस पुढे पंचवीस-तीस जणांत वाटतो. हे सोपं पडतं, कारण पंचवीस वेगळ्या पत्त्यांपेक्षा एका पत्त्यावर पंचवीस पेट्यांत चुका कमी होतात.

फेडेक्स, यूपीएस या पत्त्यांवर नेत नाहीत. पोस्टच. दर मात्र देशांतर्गत लागतो.

चेनलूब

मावशी, याला जोडून : नावांची यादी क्लबच्या फेसबुक पानावर टाकू नका. युनिट, तारीख, ठिकाण हे तिन्ही एकत्र तर नाहीच. फोटोत पेटीवरचं लेबल वाचता येत नाही ना ते बघा. हे दर वर्षी कुणीतरी करतंच.

डेट्रॉइटचा_पाव्हणा

पेटीबद्दल लिहितो. पोस्टाची मोठी फ्लॅट रेट (वजन काहीही असो, दर एकच) पेटी १२ × १२ × ५½ इंच. तिचीच एक लष्करी पत्त्यांसाठीची आवृत्ती आहे, मापं तीच, दर थोडा कमी. वजनाची मर्यादा ७० पौंड, तिथवर कुणी जात नाही. चांगली भरलेली पेटी ८ ते १० पौंड होते. पेट्या फुकट मिळतात. पोस्टाला फोन करून 'मिलिटरी केअर किट' मागवलं की पेट्या, टेप, लेबलं घरपोच. मागवायचं सप्टेंबरात, कारण यायला वेळ लागतो.

फ्लॅट रेटची अट लक्षात ठेवा : झाकणाच्या पाकळ्या त्यांच्या मूळ घडीवर मिटल्या पाहिजेत. फुगवून, वर बसून, टेप गुंडाळून बंद केलेली पेटी खिडकीवर परत येते. टेप बंद करायला आणि मजबुतीला, पेटीचा आकार वाढवायला नाही.

टेपचं गणित. मधली फट आणि दोन्ही कडा, असं इंग्रजी 'एच'सारखं लावायचं. एका बाजूला दीड-दीड फुटाच्या तीन पट्ट्या, म्हणजे साडेचार फूट. वर आणि खाली मिळून नऊ. ५५ यार्डांच्या रिळात १६५ फूट, म्हणजे १८ पेट्या. शंभर पेट्यांना सहा रिळं, फुकटची टेप धरून. सातवं घ्या, एक कायम कुणीतरी ट्रकमध्ये विसरतं.

आणि टेप लावण्याआधी आत एका कागदावर 'कडून' आणि 'प्रति' असे दोन्ही पत्ते लिहून वर ठेवा. बाहेरचं लेबल फाटलं तर पेटी उघडून पत्ता मिळतो.

सॅनहोजेची_सुगरण

आत काय काय? आणि मुख्य म्हणजे फराळ चालतो का? मंडळात दिवाळीला इतका होतो, तारखाही जुळतात.

चेनलूब

ताई, फराळाचं शेवटी. आधी एका पेटीचा ठरलेला ऐवज, १२ × १२ मध्ये बसणारा :

मोज्यांच्या ४ जोड्या (तपकिरी, हिरवे किंवा काळे, पांढरे नकोत, बुटांबरोबर गणवेशात चालत नाहीत)
बेबी वाइप्सची २ पाकिटं, अल्कोहोल नसलेली
पायाची पावडर १, डब्यातली, स्प्रे नाही
ओठांचं बाम २, टूथब्रश २
पाण्यात टाकायच्या सरबताच्या पुड्या २०, इन्स्टंट कॉफीच्या काड्या २०
टूनाची पाकिटं ४ (डबे नाहीत)
पीनट बटर १६ औंस, प्लॅस्टिकची बरणी १
बीफ किंवा टर्की जर्की (सुकवलेल्या मांसाच्या पट्ट्या) २
सुकामेवा आणि दाण्यांचं मिश्रण २, सूर्यफुलाच्या बिया १
कडक गोळ्यांची पिशवी १
पत्त्यांचा कॅट १, कोड्यांचं पुस्तक १
पत्रं ५

वाइप्स तळाला आडवे. बरणी मधोमध. मोजे गुंडाळून चारही कोपऱ्यांत. तेच गादीचं काम करतात, वेगळा बबल रॅप लागत नाही. पुड्या खोक्यातून काढून झिपच्या पिशवीत, नाहीतर निम्मी पेटी रिकाम्या पुठ्ठ्याने भरते. पत्रं सगळ्यात वर.

सगळ्यात जास्त होणारी चूक वासाची. साबण, ड्रायर शीट (कपडे वाळवायच्या यंत्रात टाकायचे सुगंधी कागद), सुगंधी वाइप्स आणि खाणं एका पेटीत तीन आठवडे राहिलं की बिस्किटांना साबणाची चव येते. नुसती वेगळी पिशवी पुरत नाही, पातळ प्लॅस्टिकमधून वास जातो. जाड झिप पिशवी, तीही दोन. वर दिलेल्या यादीत साबण मुद्दामच नाही. पेट्या भरपूर असतील तर खाण्याच्या वेगळ्या आणि अंगाला लावायच्या वेगळ्या करा, हे सगळ्यात उत्तम.

चॉकलेट : डिसेंबरात कुवेतमध्ये उकाडा नसतो, पण पेटी वाटेत कुठल्या तळपत्या कंटेनरात किती दिवस पडेल ते आपल्या हातात नाही. ज्या चॉकलेटांवर साखरेचं कवच असतं ती तगतात. बाकीची वितळून पुन्हा गोठतात आणि वर पांढरा थर येतो. खाता येतात, दिसतात मात्र भिंतीच्या पोपड्यासारखी.

पोस्टातली_मावशी

काय नको ते नीट लिहिते, कारण रॅलीत लोक नेमकं तेच आणतात.

हँड सॅनिटायझर नको. अल्कोहोल आहे, ज्वालाग्राही, विमानाने जात नाही. हीच गत परफ्यूम, नेलपॉलिश आणि कुठल्याही दाबाच्या डब्याची, म्हणजे शेव्हिंग फोम आणि डिओ स्प्रेसुद्धा. दारू नाही, ई-सिगारेट नाही, तंबाखू टाळाच. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या नाहीत. साध्या अल्कलाइन एए चालतात, मूळ पाकिटात.

मध्यपूर्वेच्या पत्त्यांना डुकराच्या मांसाचा कुठलाही पदार्थ जात नाही. जर्की घेताना पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. पुढे मोठ्या अक्षरांत 'बीफ' आणि मागे घटकांत पोर्क, असं काड्यांच्या स्वरूपातल्या जर्कीत पुष्कळदा असतं. अश्लील मासिकं नाहीत, आणि त्या भागात इस्लामेतर धार्मिक साहित्याचे गठ्ठेही नाहीत. एखाद्याच्या स्वतःच्या वापराचं पुस्तक वेगळं. प्रत्येक झिपला कोणती बंधनं, याचा तक्ता पोस्टाच्या बुलेटिनमध्ये अक्षरांच्या खुणांनी असतो. आपल्या यादीतले झिप एकदा त्याच्याशी ताडून पाहा, अर्ध्या तासाचं काम आहे.

आता कस्टम्स. हा फॉर्म लागतोच, पत्ता अमेरिकन लष्कराचा असला तरी. हाताने भरायचा तर २९७६-आर. खिडकीवरची बाई तो संगणकात टाकते, एका पेटीला पाच मिनिटं धरा. शंभर पेट्या घेऊन गेलात तर रांगेतले लोक तुमच्या क्लबचं नाव कायमचं लक्षात ठेवतील. त्यापेक्षा लेबल आणि कस्टम्सची माहिती घरी ऑनलाइन भरून छापा. सगळ्या लेबलांची मिळून एक स्कॅन शीट निघते, तिच्यावरचा एक बारकोड वाचला की सगळ्या पेट्या एका फटक्यात स्वीकारल्या जातात. आणि दोन दिवस आधी पोस्टमास्टरांना सांगून ठेवा.

फॉर्मवर 'भेटवस्तू' किंवा 'केअर पॅकेज' एवढंच लिहिलं तर चालत नाही. मोजे ४ जोड्या, टूना ४ पाकिटं, पत्ते १ कॅट, असं नग, वजन आणि किंमत. इथे चेनलूब यांच्या ठरलेल्या यादीचा खरा फायदा आहे. सगळ्या पेट्या तंतोतंत सारख्या भरल्या की वर्णन एकदाच लिहायचं, वजन एकदाच करायचं, बाकी फक्त नाव बदलायचं. प्रत्येक पेटीत 'थोडं वेगळं, सरप्राइज' घालायची हौस असणाऱ्यांना दुसऱ्या टेबलावर बसवा, पत्रं लावायला.

सॅनहोजेची_सुगरण

आणि फराळ? विसरले नाहीये मी.

पोस्टातली_मावशी

संस्थेमार्फत पाठवताना घरचं काहीच घेत नाहीत, कारखान्यात सीलबंद झालेलंच. ते बरोबरही आहे. अनोळखी घरातला लाडू कुणी कुणाला का खावा?

ओळखीच्या माणसाला त्याच्या नावाने पाठवायचं असेल तर पाठवता येतो, पण तीन-चार आठवडे टिकणारं निवडा. शंकरपाळी सगळ्यात उत्तम, मोडत नाही, मऊ पडत नाही. बेसनाचे लाडू फुटतात आणि त्यांचं पीठ होतं. पाठवायचेच तर एकेक कागदात गुंडाळून कडक डब्यात. चिवडा नको. पातळ पोह्यांचा हवा लागली की चामट होतो, आणि तळलेले दाणे-खोबरं खवट होतात. चकली पोचते, तुकड्यांच्या रूपात. कस्टम्सवर 'फराळ' लिहू नका हं, गोड बिस्किटं, खारी बिस्किटं असं लिहा.

डेट्रॉइटचा_पाव्हणा

सुगरणताई, मंडळाकडून यापेक्षा उपयोगाची एक गोष्ट होऊ शकते. लष्कराच्या तयार जेवणाच्या पाकिटांत, एमआरईत, २४ प्रकारांपैकी ४ शाकाहारी असतात. त्यावर महिनोन्‌महिने काढणाऱ्याला काय हवं असतं ते मराठी माणसाला सांगायला नको : तिखट. हॉट सॉसच्या छोट्या प्लॅस्टिक पुड्या (काच नको), लिंबू-मिरचीचे सीलबंद मसाले, मसाला दाणे, भाजलेले चणे. दुकानातलं सीलबंद, मुदत किमान सहा महिने पुढची. या गोष्टी इतर क्लब फारशा देत नाहीत.

चेनलूब

यादीत शिरकाव मंजूर. पण मग सगळ्याच पेट्यांत, नाहीतर मावशींचा फॉर्म बिघडेल.

फ्लॅटहेड_व्ही८ (धागाकर्ता)

माल आणण्याबद्दल आणि मिरवणुकीबद्दल. इथे दोन जमाती एकत्र येतात आणि दोघांच्या गाड्यांची दुखणी वेगळी.

हॉट रॉड हळू चालवायला बनलेली नसते. ताशी दहा मैलांच्या मिरवणुकीत पहिलं दुखणं तापण्याचं. इंजिनावर बसवलेला पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही इंजिनाच्या वेगावर चालतात. मंद गतीला हवाही कमी, पाणीही कमी. पंख्याभोवती नीट बसणारं श्राउड (हवेला वाट देणारं कडं) नसेल तर पंखा तीच गरम हवा घुसळत बसतो. उपाय : श्राउड, रिलेवर चालणारा इलेक्ट्रिक पंखा, आणि ज्यांच्या डिस्ट्रिब्यूटरला व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स आहे त्यांनी तो मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमला जोडून पाहावा, मंद गतीत टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, पुढे आलं की इंजिन थंड चालतं. काटा चढायला लागला तर हीटर पूर्ण सोडा. ऑक्टोबरच्या शेवटी वाईट वाटत नाही.

दुसरं, व्हेपर लॉक, म्हणजे नळीतच पेट्रोलची वाफ होऊन अडणं. आजच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलची लवकर वाफ होते. कार्ब्युरेटर आणि मेकॅनिकल पंप असलेल्या गाडीत एक्झॉस्टच्या हेडरजवळून गेलेली नळी तापली की इंजिन श्वास कोंडल्यासारखं बंद पडतं, आणि दहा मिनिटांनी काही झालंच नाही असं सुरू होतं. नळी दूर न्या, वर उष्णतारोधक बाही चढवा. नळीवर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावणारे जुने लोक अजून दिसतात. त्याने काय होतं यावर वेगळा धागा निघेल.

तिसरं, डायनॅमो. ज्यांनी जुना सहा व्होल्टचा जनरेटर तसाच ठेवलाय त्यांची बॅटरी मंद गतीत भरत नाही. त्यात हेडलाइट लावून, रेडिओवर नाताळची गाणी लावून तासभर रांगेत चालला की शेवटच्या थांब्यावर ढकलस्टार्ट ठरलेला. अशा गाड्या रांगेच्या शेवटी, जंपर केबल (दुसऱ्या बॅटरीवरून गाडी सुरू करायच्या तारा) असलेल्या ट्रकच्या पुढे.

माल कशातून न्यायचा? १९३२ च्या रोडस्टरला डिकी म्हणून जे असतं त्यात एक शर्ट मावतो. टी-बकेटच्या (फोर्ड मॉडेल टी वरून केलेली उघडी हॉट रॉड) मागच्या हौद्यात पुष्कळांची पेट्रोल टाकी असते, तिच्यावर खोकी रचू नका. कामाच्या गाड्या म्हणजे पन्नाशीच्या दशकातले पिकअप, शेव्ही ३१०० नाहीतर १९५३ ते ५६ चे फोर्ड एफ-१००. मालकाला आधी विचारा. वार्निश केलेल्या लाकडी हौद्यात पुठ्ठ्याची खोकी सरकवली तर मैत्री तुटते; खाली गोधडी घाला.

चेनलूब

बाइकचं मी घेतो.

रांग : पाच ते सात बाइकचा एक गट, पुढे एक माहीतगार, मागे एक माहीतगार. तिरक्या रांगेत पुढच्या तिरक्या माणसापासून एक सेकंद, आपल्याच पट्टीतल्या पुढच्यापासून दोन सेकंद. वळणावर एकेरी. पन्नास बाइकची एकच साखळी करू नका, सिग्नलला ती तुटतेच आणि मागचे लाल दिवा तोडतात. पोलिस बंदोबस्त नसताना आपणच चौकात बाइक आडवी लावून वाहतूक अडवणं बऱ्याच राज्यांत बेकायदा आहे. परवानगी आणि बंदोबस्ताचा अर्ज दोन महिने आधी, किंवा सरळ वाहतुकीचे नियम पाळत गटागटाने जायचं.

बाइक आणि हॉट रॉड एकमेकांत मिसळायच्या नाहीत. बाइक पुढे, मध्ये एक आजच्या काळातली, चांगल्या ब्रेकची गाडी, मागे हॉट रॉड. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली गाडी बाइकच्या मागे लावणं म्हणजे नशिबाची परीक्षा.

एअरकूल्ड व्ही-ट्विन (हवेने थंड होणाऱ्या दोन सिलिंडरांची बाइक) थांबत-थांबत चालली की मागचा सिलिंडर चालवणाऱ्याची मांडी भाजतो. काही हार्ली टूरिंग मॉडेलांत यावर सोय आहे : इंजिन तापलेलं आणि गाडी थांबलेली असताना मागचा सिलिंडर आपोआप बंद होतो. बोलीभाषेत नावच 'परेड मोड'. आवाज बदलतो, गाडी लंगडल्यासारखी वाटते, घाबरू नका. कुणाला हे माहीत नसलं की रांगेतून बाहेर पडून प्लग तपासत बसतो.

बांधणी : जड सामान खाली आणि मागच्या आसाच्या पुढे. मागच्या रॅकवर टांगलेलं वजन पुढचं चाक हलकं करतं. आकड्याचे बंजी टाळा, सुटला तर आकडा चाकात किंवा डोळ्यात. दोन्ही टोकांना फासा असलेले पट्टे, फ्रेमला बांधलेले, इंडिकेटरला नाही. प्लॅस्टिकची पिशवी सायलेन्सरपासून वीतभर लांब. वितळलेलं प्लॅस्टिक क्रोमवरून काढायला सकाळ जाते. बॅगेत आतून जाड कचऱ्याची पिशवी घाला, पाऊस आला तरी मोजे कोरडे.

थंडी : ४० फॅरनहाइटला ताशी ६० मैलांनी गेलात तर अंगाला २५ वाटतं, म्हणजे गोठणबिंदूच्या बरंच खाली. क्लच दाबणारी बोटं आधी जातात. टायरची हवा दर १० अंश फॅरनहाइटला साधारण एक पीएसआय उतरते, म्हणून ऑगस्टमध्ये भरलेली हवा ऑक्टोबरात तपासा.

हिशेबनीस

एवढं सगळं झालं, पैशाचं कुणी काढलंच नाही. मालापेक्षा टपालखर्च मोठा असतो. शंभर मोठ्या पेट्यांचं टपालच दोन हजार डॉलरांच्या वर जातं. मोज्यांचा ढीग जमवून टपालाला पैसे नसलेले क्लब जानेवारीत गॅरेजमध्ये मोजे सांभाळत बसतात. म्हणून प्रवेश फी सरळ अशी ठेवा : एका गाडीमागे एका पेटीचं टपाल. मोजे त्यावर. ऐंशी गाड्या आल्या तर ऐंशी पेट्या, त्याहून जास्तीचा माल घ्यायचाच नाही.

पावती. बाइक किंवा कार क्लब बहुधा ५०१ (सी)(७), म्हणजे सोशल क्लब असतो. त्याला दिलेले पैसे करसवलतीला चालत नाहीत. देणगी ५०१ (सी)(३), म्हणजे धर्मादाय, संस्थेमार्फत घ्या. आपल्यातल्या आयटीवाल्यांच्या कंपन्यांचं मॅचिंगही (कर्मचाऱ्याने दिलं तेवढंच कंपनीनेही देणं) सहसा तिथेच मिळतं, म्हणजे वीसचे चाळीस. २५० डॉलर किंवा जास्त असेल तर संस्थेचं लेखी पत्र लागतं, नुसता बँकेचा उतारा पुरत नाही. स्वयंसेवक म्हणून गाडी चालवलीत तर करसवलतीत मैलाला १४ सेंट, हा दर कायद्यातच लिहिलेला असल्याने वर्षानुवर्षं तोच आहे. हॉट रॉडला त्यात पेट्रोलच्या वासाचेसुद्धा पैसे निघत नाहीत.

रॅफलची (तिकिटं विकून काढायची सोडत) हौस असेल तर राज्याचा कायदा बघा. कॅलिफोर्नियात आधी नोंदणी लागते आणि जमलेल्यातले ९० टक्के धर्मादाय कामालाच गेले पाहिजेत. 'अर्धे विजेत्याला, अर्धे मोहिमेला' हा इतरत्र चालणारा प्रकार तिथे बसत नाही.

आणि महागड्या भेटी नकोत. सरकारी सेवेतल्या माणसाने एका देणाऱ्याकडून एका प्रसंगी २० डॉलरांपर्यंतच, वर्षात ५० पर्यंत घ्यावं असा सर्वसाधारण नियम आहे. कमांडरसाठी खास घड्याळ वगैरे सुचवणारा एक तरी सभासद प्रत्येक क्लबात असतो.

वाचनमात्र

हे सगळं वाचून धाप लागली. आमचा बारा जणांचा गट आहे. एवढं झेपणार नाही.

पोस्टातली_मावशी

मग स्वतः पेट्या पाठवूच नका. ऑपरेशन ग्रॅटिट्यूड, सोल्जर्स एंजल्स या संस्था २००३ पासून हेच काम करतात. पत्ते, फॉर्म, पोस्ट सगळं त्यांच्याकडे. त्यांच्या संकेतस्थळावर कुठला माल हवा त्याची यादी असते. बारा जणांनी बारा प्रकार आणण्यापेक्षा यादीतली एकच वस्तू ठरवून आणा. हॅलोविनच्या उरलेल्या गोळ्यासुद्धा ते घेतात, आणि तेव्हा तुमची रॅलीही असतेच.

पत्रं मात्र लिहा, मुलांकडून लिहून घ्या. चमकी लावलेलं कार्ड नको. ती उडते आणि सगळ्या पेटीतल्या सामानाला चिकटते. पाकिटं बंद करू नका, आधी कुणीतरी वाचतं. मुलाचं पहिलं नाव पुरे, आडनाव आणि घरचा पत्ता नको. 'लवकर घरी या' ठीक, 'मरू नका' नको. हे मुलं लिहितात, खरंच.

डेट्रॉइटचा_पाव्हणा

उरलेल्या मालाचं काय करायचं ते राहिलं. यादीत न बसणारं काही ना काही येतंच, विशेषतः पांढरे मोजे. कितीही मोठ्या अक्षरांत छापा, निम्मे लोक पांढरेच आणतात. ते बाजूला एका पेटीत जमवा आणि जवळच्या व्हीए (माजी सैनिकांचं सरकारी खातं) रुग्णालयाच्या स्वयंसेवा विभागाला फोन करून न्या. नवे आणि न फोडलेले हवेत. तिथे रंगाची अट नाही.